साध्या डिजिटल कॅमेऱ्याने आतषबाजीचे फोटो: गच्चीवरच्या आठ ते दहाची तयारी

पहिल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी गच्चीवरून ११२ फोटो काढले. खाली येऊन संगणकावर बघितले, तर शंभरेक फोटो गांडुळांचे निघाले. काळ्या पाटीवर कुणीतरी वळवळती पांढरी गांडुळं सोडावीत, तसे. उरलेल्यांत नुसता धूर, आणि एकात शेजारच्या काकांचं टक्कल, फ्लॅशमध्ये लखलखणारं.

कॅमेरा अजून तोच आहे. खिशात मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, फोन आल्यापासून कपाटात पडून राहिलेला. पुढच्या दिवाळीला त्याच कॅमेऱ्याने भिंतीवर लावण्याजोगे चार फोटो दिले. चारच, पण दिले. मधल्या काळात मला एवढंच उमगलं होतं, की आतषबाजीच्या फोटोतलं बरंचसं काम पहिला बाण उडायच्या आधी संपलेलं असतं. आठ वाजता गच्चीवर उभं राहून मेन्यू चाचपायला लागलात, तर गेलीच ती रात्र.

तुमच्याकडेही असा एखादा कॅमेरा असेलच. यंदा तो बाहेर काढा.

आदल्या दिवशी, सोफ्यावर बसून

सेल आधी. कपाटातले जुने सेल टाकून द्या आणि चार्ज होणारे चार तरी जवळ ठेवा. दोन कॅमेऱ्यात, दोन खिशात. लांब वेळेचे फोटो, म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा (शटर) काही सेकंद उघडा ठेवून काढलेले, सेल भराभर पितात. कार्डाचंही बघून घ्या. फार जुना कॅमेरा २ जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाही, त्यानंतरच्या पिढीतले ३२ जीबीपर्यंतच जातात. फोनमधलं ६४ जीबीचं कार्ड आयत्या वेळी अडॅप्टरमध्ये घालून बघाल, तर 'कार्ड एरर' पदरात पडेल.

भिंगावर बोटांचे ठसे असतात. मऊ सुती कापडाने ते पुसा. तेलकट बोटाचा एक डाग असला, तरी रात्री प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं. फराळ करून थेट गच्चीवर जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आता मेन्यू. 'सीन' नावाच्या यादीत जा. समुद्रकिनारा, बर्फ, पाळीव प्राणी वगैरे चित्रांच्या गर्दीत एक फटाक्याचं चित्र असतं, त्याखाली 'फायरवर्क्स' लिहिलेलं असतं. हा मोड बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत आहे, पण फार थोड्यांनी तो कधी लावून बघितलेला असतो. त्यात कॅमेरा फ्लॅश बंद करतो, फोकस दूरवर नेऊन ठेवतो आणि शटर काही सेकंद उघडं ठेवतो. निकॉनच्या बऱ्याच कूलपिक्समध्ये ही वेळ ठोक ४ सेकंद असते, ती बदलता येत नाही. कॅननच्या पॉवरशॉटच्या ए मालिकेत याशिवाय 'लाँग शटर' नावाची सोयही बऱ्याचदा असते, त्यात १ ते १५ सेकंदांपर्यंत वेळ आपण ठरवू शकतो. ती सापडली तर तुमचं नशीब थोर. पुढे काळ्या पुठ्ठ्याची युक्ती सांगणार आहे, तिच्यासाठी हीच लागते.

मेन्यूत असतानाच बाकीचं उरकून टाका. फ्लॅश बंद. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा आहे त्याचा आकडा, सगळ्यात कमी: ८० किंवा १००. 'ऑटो' आयएसओवर ठेवलंत तर कॅमेरा अंधार बघून घाबरतो, आकडा चढवतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट', म्हणजे सूर्याचं चित्र. ऑटोवर असला की एका फोटोत आकाश जांभळं, पुढच्यात तपकिरी, असा खेळ चालतो. फोकसला मदत करणारा तो पुढचा छोटा दिवा बंद. फोटोवर तारीख छापणं बंद. काढलेला फोटो पडद्यावर दाखवत बसण्याची सवय बंद, कारण तेवढ्या वेळात दुसरा बाण फुटून जातो. कॅमेरा आपोआप झोपी जाण्याची वेळ जास्तीत जास्त. आणि थरथर कमी करणारी जी सोय असते, ती कॅमेरा टेकवून ठेवणार असाल तर तीही बंद, कारण कॅमेरा मुळात हलत नसताना ती कधी कधी स्वतःच भिंग हलवत बसते.

एवढं झालं की खोलीतले दिवे घालवून, देवघरातल्या समईसमोर दोन-चार फोटो काढून बघा. अंधारात कुठलं बटण कुठे आहे, हे बोटांना कळलं पाहिजे.

रांगोळीची रेघ

इथे जरा थांबून आत काय घडतं ते सांगते. एवढं कळलं, की बाकीच्या सगळ्या सूचना विसरलात तरी चालेल.

दिवसाच्या फोटोत शटर जितका वेळ उघडं, तितका फोटो उजळ. आतषबाजीत हा हिशोब अर्धाच लागू पडतो. रांगोळी काढताना रेघ जाड येणार की बारीक, हे चिमटीतून किती पूड सुटते आणि हात किती वेगाने सरकतो यावर ठरतं. तुम्ही पाच मिनिटं बसलात की तासभर, याने रेघ जाड होत नाही, रांगोळी फक्त मोठी होते. फटाक्याची ठिणगीही अशीच. ती आकाशात सतत सरकत असते, म्हणून फोटोतल्या कुठल्याही एका बिंदूवर ती क्षणभरच असते. त्या क्षणात किती उजेड आत येतो, हे भिंगाचं तोंड किती उघडं आहे आणि आयएसओ किती आहे यावर ठरतं. शटरची वेळ ठरवते ती रेघेची लांबी, एका फोटोत किती फटाके मावतील ते, आणि मागचं न हलणारं आकाश व इमारती किती उजळ दिसतील ते.

म्हणून फटाके पांढरेफट्ट, रंग उडालेले आले, तर शटरची वेळ कमी करून फारसं काही साधत नाही. आत येणारा उजेडच कमी करावा लागतो. आणि छोट्या कॅमेऱ्याची खरी अडचण इथेच आहे. मोठे कॅमेरेवाले आतषबाजीसाठी आयएसओ १०० आणि एफ ८ ते एफ ११ ठेवतात. एफ हे भिंगाच्या तोंडाचं माप, आकडा जितका मोठा तितकं तोंड बारीक. आपल्या कॅमेऱ्याचं तोंड रुंद कोनात एफ २.८ च्या आसपास असतं, म्हणजे एफ ८ च्या आठपट उजेड आत. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत तर तोंड लहान करायला पाकळ्यांची झडपच नसते, गरज पडली की एक काळसर काच आत सरकते, बस्स.

फटाक्यांच्या रंगांमागे धातूंचे क्षार असतात. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा, सोडियमचा पिवळा. उजेड जास्त झाला की हे सगळे रंग फोटोत एकाच पांढऱ्या पिठात मिसळतात. त्यावर उपाय तीन.

पहिला उपाय थोडं झूम करण्याचा. भिंग पुढे गेलं की तोंड आपोआप बारीक होतं, पूर्ण झूमला ते एफ ५.९ च्या आसपास येतं, म्हणजे उजेड चौथाईहूनही कमी. पण पूर्ण झूम करून आकाशात फटाका शोधणं म्हणजे लग्नाच्या गर्दीत हरवलेली चप्पल शोधणं. निम्म्यापर्यंत ठीक. दुसरा उपाय उजेड-अंधाराची ती अधिक-उणे पट्टी. ती तुमच्या कॅमेऱ्याच्या त्या मोडमध्ये चालत असेल तर उणे १ वर न्या. तिसरा उपाय माझा लाडका: गॉगल. साधा राखाडी किंवा काळसर काचेचा गॉगल भिंगासमोर टेकवून धरा. हिरव्या-तपकिरी काचेचा नको, रंग बदलतात. हसू नका, यानेच मला पहिल्यांदा लाल रंग लाल दिसला.

टेकवायचं कशावर

दोन-चार सेकंद हातात कॅमेरा स्थिर धरणं कुणालाच जमत नाही. माझी गांडुळं तिथूनच आली होती. घरात तिपाई असेल तर उत्तम. कॅमेऱ्याच्या तळाला जे आटे असतात ते पाव इंची, जवळजवळ सगळ्या तिपायांना चालतात. तिपाई हलकी असेल तर तिच्या मधल्या दांडीला पाण्याची बाटली टांगा, आणि ती वाऱ्याने झुलत राहणार नाही अशी जमिनीला टेकू द्या.

तिपाई नसेल तर किलोभर तांदूळ कापडी पिशवीत सैलसर भरा, तोंड शिवून टाका. पिशवी गच्चीच्या कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा दाबून बसवायचा. तांदूळ कॅमेऱ्याच्या अंगासरशी बसतात आणि तो हव्या त्या कोनात, आकाशाकडे तोंड करून, गपगुमान राहतो. मी आता तिपाईपेक्षा ही पिशवीच जास्त वापरते. कॅमेऱ्याची दोरी मात्र मनगटात किंवा गजाला बांधलेली हवी. कठड्याच्या पलीकडे चार मजले आहेत.

कठड्याची जागा निवडताना एक गोष्ट मी चुकून शिकले. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचा चौथरा सगळ्यात उंच आहे, तिथून सगळं दिसतं. एका वर्षी मी तिथे मांड ठोकली. सगळ्या फोटोंत इमारतींच्या खिडक्या दुहेरी आल्या. नऊ वाजता पंप बंद झाला, तेव्हा फोटो सुधारले. पंप चालू असताना चौथऱ्यावर हात ठेवून बघा, तळव्याला झिणझिण्या लागतात.

बटण दाबतानाही कॅमेरा हलतो. त्यासाठी २ सेकंदांचा टायमर असतो. पण टायमर लावला तर फटाका बघून बटण दाबणं जमणार नाही. त्याचं काय करायचं ते पुढे येतंच.

वारा आणि जागा

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली, आणि २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा उच्च न्यायालयानेही फटाके याच दोन तासांत आणले. तुमच्या गावात यंदा काय नियम आहे ते पाहून घ्या. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की सगळं एकदम सुरू होतं आणि अर्ध्या तासात धुराची चादर पसरते. चांगले फोटो पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत मिळतात. नऊनंतर प्रत्येक फटाका दुलईच्या आतून फुटल्यासारखा दिसतो.

म्हणून वारा तुमच्या पाठीमागून यायला हवा, म्हणजे धूर तुमच्यापासून दूर सरकेल. वारा समोरून असेल तर धूर तुमच्या तोंडावर आणि भिंगावर. आडवा असेल तर चालतो. साडेसात वाजता गच्चीवर एक उदबत्ती लावून तिचा धूर कुठे जातो ते बघा. हवा अगदीच पडली असेल, तर पहिल्या दहा मिनिटांवरच सगळी भिस्त ठेवा.

किती अंतरावर उभं राहायचं? एक सोपा हिशोब आहे. भिंग सगळ्यात रुंद कोनात असताना चौकटीत साधारण तितकीच रुंदी मावते, जितकं समोरच्या गोष्टीचं अंतर. काही कॅमेऱ्यांत थोडी जास्त. शंभर मीटरवरच्या मैदानात फटाके उडत असतील तर सुमारे शंभर मीटरचा पट्टा फोटोत येईल. अंतर कळत नसेल तर उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. एका सेकंदाला ३४० मीटर, म्हणजे तीनपर्यंत मोजलंत तर फटाका किलोमीटरभर लांब. एवढ्या लांबचा सोसायटीतला शॉट फोटोत मोहरीएवढा दिसेल. त्याच्या मागे लागू नका, जवळचं मैदान धरा.

चौकटीत खाली काहीतरी ओळखीचं असू द्या. नुसता काळ्या आकाशातला फटाका सोलापूरचा की शिकागोचा, कळत नाही. समोरच्या इमारतीच्या खिडक्या, देवळाचा कळस, एखाद्या बाल्कनीतला आकाशकंदील, नारळाची झावळी, यातलं काहीही. मात्र रस्त्यावरचा प्रखर दिवा किंवा जाहिरातीचा एलईडी फलक चौकटीबाहेर ठेवा. तो चार सेकंदांत फोटोचा एक कोपरा खाऊन टाकतो. चौकट उभी धरा, कारण बाण वर जातो. फटाका कुठवर चढतो हे पहिल्या दोन-तीन बाणांत कळेल, आणि वर वाटतं त्याहून जास्त जागा सोडावी लागते.

फोकस: इथे छोटा कॅमेरा जिंकतो

अंधारात फोकस शोधताना कॅमेरा घुटमळतो, भिंग घर्र घर्र पुढे-मागे करतं आणि तेवढ्यात फटाका विझतो. 'फायरवर्क्स' मोडमध्ये हा त्रास नाही. तो नसेल तर फोकसच्या बटणावर डोंगराचं चित्र शोधा, डोंगर म्हणजे दूरवरचा पक्का फोकस. तेही नसेल तर समोरच्या इमारतीतल्या उजेडाच्या खिडकीवर नेम धरून बटण अर्धं दाबा, हिरवी चौकट आली की तसंच धरून ठेवा, आणि मग आकाशाकडे वळवा.

फारशी चूक होणारही नाही. या कॅमेऱ्यांच्या आतला सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान असतो, भिंगही तसंच चिमुकलं. त्यामुळे रुंद कोनात पाच-दहा मीटरवर फोकस लावला, तरी दीड-दोन मीटरच्या पुढचं जवळजवळ सगळं स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेरेवाल्या भाच्याला मी हे दरवर्षी ऐकवते.

साडेसहाचा निळा फोटो

लक्ष्मीपूजन अमावस्येला. आकाश काळंकुट्ट, म्हणून फटाके उठून दिसतात, पण इमारती काळ्यात बुडून जातात. यावर एक युक्ती आहे. दिवाळीच्या सुमारास मुंबई-पुण्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. साडेसहाला आकाश गर्द निळं असतं आणि घरोघरी पणत्या, कंदील लागलेले असतात. या वेळी तिपाई किंवा पिशवी पक्की लावून दोन-तीन फोटो काढून ठेवा. मग तिपाई हलवायची नाही. तिच्या पायांभोवती खडूने खुणा करा, झूम किती होता ते लक्षात ठेवा. कॅमेरा काढून खाली पूजेला जा, कारण नेमकी त्याच वेळी हाक येते आणि आरतीला घरात नसणं परवडणारं नाही.

आठ वाजता परत त्याच खुणांवर. हे निळे फोटो दुसऱ्या दिवशी संगणकावर उपयोगी पडतील.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट दमट गच्चीवर आणलात तर भिंगावर वाफ धरते. तो आधी दहा मिनिटं जिन्यात ठेवा.

बटण कधी दाबायचं

छोट्या कॅमेऱ्यात बटण दाबणं आणि शटर उघडणं यात क्षणभराचा विलंब असतो. फटाका फुटलेला बघून दाबलंत तर फक्त खाली पडणाऱ्या राखेचा फोटो मिळेल. बाण सुटताना जी शीळ येते ना, तिच्यावर दाबा. बटण आधीपासून अर्धं दाबून ठेवलेलं असेल तर विलंब आणखी कमी होतो. मग चार सेकंदांत वर चढणारी रेघ, फुलणं आणि कोसळणं, तिन्ही एका फोटोत येतात.

शॉटचा बॉक्स असेल तर काम आणखी सोपं. बारा किंवा तीस शॉट ठरावीक तालात सुटतात. दोन शॉट जाऊ द्या, ताल पकडा आणि टाळीसारखं मोजून दाबा. इथे २ सेकंदांचा टायमरही चालतो, कारण पुढचा शॉट कधी येणार हे माहीत असतं.

आता काळा पुठ्ठा. लाँग शटर असणाऱ्यांसाठी आतषबाजीतली याहून मोठी गंमत नाही. वहीच्या आकाराचा एक पुठ्ठा घ्या, त्याला दोन्ही बाजूंनी काळा कागद चिकटवा. चकचकीत नको, मंद काळा. शटर १५ सेकंदांवर लावा. पुठ्ठा भिंगासमोर, न टेकवता, बोटभर अंतरावर धरा आणि बटण दाबा. शटर उघडलं, पण आत अंधारच जातोय. बटणाचा धक्काही पुठ्ठ्याआड विरून जातो. शीळ ऐकू आली की पुठ्ठा बाजूला. फटाका फुलला, ठिणग्या विझल्या की पुठ्ठा परत समोर. पुढची शीळ, परत बाजूला. १५ सेकंदांत असे तीन-चार फटाके एकाच फोटोत टिपता येतात, आणि मधल्या वेळेतला धूर, समोरच्या गल्लीतला गाडीचा दिवा, काही आत येत नाही. पुठ्ठा हलवताना कॅमेऱ्याला हात लागू नये एवढं सांभाळा. पहिले पाच फोटो वाया जातील, मग हात बसतो. चारपेक्षा जास्त फटाके एका फोटोत कोंबू नका, सगळ्यांचा मिळून कोबी होतो.

लांब फोटोनंतर कॅमेरा काही सेकंद 'बिझी' दाखवून गप्प बसेल. बिघडला म्हणून घाबरू नका. साधारण सेकंदाहून लांब फोटो झाला, की बरेच कॅमेरे तितकाच वेळ शटर बंद ठेवून एक काळा फोटो घेतात आणि त्यावरून दाणे पुसतात. १५ सेकंदांचा फोटो म्हणजे एकूण अर्धा मिनिट गेलं. ऐन धुमश्चक्रीत हे परवडत नाही, तेव्हा वेळ ६-८ सेकंदांवर आणावी.

काहीच मोड नसेल तर

अगदी साधा, फक्त ऑटोवर चालणारा कॅमेरा असेल तर 'नाईट' किंवा चंद्राचं चित्र शोधा आणि फ्लॅश हाताने बंद करा. मग आकाशाच्या काळ्या भागावर नेम धरून बटण अर्धं दाबा. अंधार बघून कॅमेरा त्याला झेपेल तितकी लांब वेळ निवडतो, बहुतेक वेळा सेकंदभर. तेवढ्यात फुलणं येतं, चढती रेघ नाही. कॅननचे जुने कॅमेरे बाळगणाऱ्यांसाठी 'सीएचडीके' नावाचा हौशी मंडळींनी लिहिलेला प्रोग्रॅम आहे. तो कार्डावरून चालतो आणि शटरची वेळ वाढवू देतो. संगणकाची भीती नसेल तर दिवाळीच्या महिनाभर आधी तो नाद करा, आदल्या रात्री नको.

जमिनीवरचे फटाके आणि माणसं

आकाशाकडे बघताना आपण खालचं विसरतो. खरं तर साध्या कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त यश तिथेच मिळतं.

भुईनळा तीन-चार मीटरवरून, थोडं झूम करून, अर्धा ते एक सेकंद. याहून लांब वेळ ठेवलीत तर मधला गाभा पांढरा होतो. तो उडून संपत आला की ठिणग्या सुट्या सुट्या होतात, तेव्हाचा फोटो सगळ्यात देखणा. भुईचक्र पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून, सरळ वरून, दोन सेकंद. जमिनीवरून काढलंत तर नुसती एक आडवी जळती रेघ दिसते. वरून काढलं की पूर्ण सुदर्शन चक्र येतं.

फुलबाजीने हवेत अक्षर लिहिणं हा पोरांचा हक्काचा खेळ. वेळ ४ ते ८ सेकंद. माझी भाची पहिल्यांदा 'शुभ दीपावली' लिहायला निघाली. 'शु' झाल्यावर वेळ संपली, आणि तिची फुलबाजीही. मग आम्ही तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर आलो. शिरोरेघ शेवटी ओढायची, आणि ओढून झाली की फुलबाजी पटकन पाठीमागे लपवायची, नाहीतर अक्षराला शेपूट फुटतं. मूल कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहितं, म्हणून फोटोत अक्षर आरशातल्यासारखं उलटं येतं. संगणकावर आडवं पलटवलं की सरळ.

मुलाचा चेहराही हवा असेल तर फ्लॅश चालू असलेला 'नाईट पोर्ट्रेट' मोड घ्या. फ्लॅश सुरुवातीलाच उडतो आणि चेहरा टिपला जातो. मुलं फ्लॅश उडाला की फोटो झाला समजून पळतात. "मावशी, झालं?" असं तीनदा विचारतात. हो म्हणेपर्यंत उभं राहायचं, हे आधी ठरवून घ्या. कपडे सुती, पाण्याची बादली जवळ, आणि बाटलीत लावलेल्या बाणाच्या दिशेने तुम्ही कधीही नाही. डोळा पडद्यावर असला की बाटली कलंडलेली दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी

रात्री कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघून काही खोडू नका. तिथे सगळंच सुंदर किंवा सगळंच भिकार दिसतं. सकाळी संगणकावर बघा.

आकाश राखाडी आलं असेल तर काळा रंग थोडा गडद करा, धूर निम्मा दबतो. रंग वाढवण्याची पट्टी मात्र हळू हाताने. निळ्या फोटोचं काम इथेच. 'गिंप' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पुरतो. खाली साडेसहाचा निळा फोटो, त्यावर फटाक्याचा फोटो वेगळा थर म्हणून ठेवा आणि वरच्या थराचा मोड 'लायटन ओन्ली' करा. मग दोन्ही फोटोंतला जो बिंदू जास्त उजळ, तोच दिसतो. काळं आकाश गायब, फटाके तेवढे निळ्यावर उमटतात. असे दोन-तीन थर ठेवता येतात. ज्यांच्या कॅमेऱ्यात लाँग शटर नाही, त्यांनी चार सेकंदांचे तीन फोटो असेच जोडले, तर पुठ्ठ्याची मजा घरबसल्या मिळते. फक्त फोटो जोडलेला आहे हे विचारणाऱ्याला सांगून टाका. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा यावरून वाद झाला होता, कारण फोटोत जितके शॉट दिसत होते तितके कुणी आणलेच नव्हते.

सेल काढून कॅमेरा कपाटात ठेवायची घाई करू नका. तुळशीचं लग्न दहा-बारा दिवसांवर असतं आणि उरलेले फटाके तेव्हाच बाहेर निघतात. गर्दी कमी, धूर कमी, आकाशात बऱ्यापैकी मोठा चांदोबा. चंद्र मात्र चौकटीबाहेर ठेवा, सेकंदभराच्या फोटोतही तो नुसता पांढरा डाग होतो. ते आटोपलं की मात्र सेल काढाच. गेल्या वर्षी मी विसरले, आणि या दसऱ्याला झाकण उघडलं तर आतल्या पट्टीवर हिरवी बुरशी धरली होती. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कानकाडीने ती घासली, तेव्हा कुठे कॅमेरा पुन्हा चालू झाला.